हवा देते तवरोक

एप्रिल अर्धा सरलाय, पारा त्रेचाळीसवर,
आणि मोरेश्वर हेडाऊ गच्चीवर
माझ्या कुलरचं पोट उघडून बसलाय.
मोटार मागेच बदलली. पंप गेल्या उन्हाळ्यात.
पत्रा गंजला तशी टाकी फायबरची झाली.
आज वाळ्याच्या ताट्या जाऊन हनीकॉम.
"मग जुना कुलर कुठला राहिला रे?"
"हवा देते तवरोक कुलरच हाये मॅडम."

एकतीस वर्षं मी हेच शिकवलं महालातल्या कॉलेजात:
वस्तू कशाची आहे ते सोडा, करते काय ते सांगा.
मन म्हणजे डोक्यातलं मांस नव्हे.
दुखणं म्हणजे काटा रुतणं आणि आई गं
यांच्यामधे जे काम करतं ते,
मग ते रक्ताचं असो की तारांचं.
आणि समाज म्हणजे शरीर. इथे मारबत ठरलेली:
पोळ्याच्या पाडव्याला गाव ओरडतं,
इडा पिडा घेऊन जाय गे मारबत!
पिडा जात नाही, पण घसा बसलेली माणसं
संध्याकाळी हलकी होऊन घरी जातात.
पाच गुणांचा प्रश्न.

इंदोऱ्याहून सायकलने येणारी शीलरत्ना गजभिये
एकदाच उभी राहिली.
"मॅडम, आमच्या आजाकडून मेलेली ढोरं ओढून नेववत.
तो या शरीराचा कोणता अवयव?"
पुढच्या तासाला बघू, म्हणाले मी.
पुढच्या तासाला प्रकरण बदललं होतं.

मोरेश्वर पाना शोधतो. बोलता बोलता कळतं,
त्याच्या घरी, गोळीबार चौकामागे,
बापाचा हातमाग अजून उभा आहे.
वीस वर्षं धोटा हलला नाही. त्यावर धुणं वाळतं.
"म्हणजे आता तो वाळवणीचा दांडा झाला."
पहिल्यांदाच वर बघतो तो.
"मागच म्हंतो आमी त्याले."
आणि पुन्हा स्क्रू.

बटण दाबलं. गार वारा, चोख,
जुन्यापेक्षा जरा जास्तच.
फक्त तो वास नाही,
ज्याला पाठ्यपुस्तकात कुठलंच काम नव्हतं
आणि ज्याने माझे सगळे मे महिने मे महिने होते.

"ह्या ताट्या फेकून देऊ न?"
"राहू दे इथंच."
"कायले?"

सात वाजता गच्चीवर गेले,
भिंतीला टेकवलेल्या त्या कोरड्या काड्यांवर
तांब्याभर पाणी ओतलं,
आणि उभी राहिले.