चार अंश, अनंत

सातव्यांदा कोरी.
जेलवर फक्त मार्करची शिडी उजळलेली,
शेजारी माझ्या नऊ खाचा
शटर ओढल्यावरच्या रविवार कारंजासारख्या.

वहीत लिहिते: प्रायमर नवे.
एन्झाइम बर्फातच ठेवलं होतं.
जोडणीचं तापमान अठ्ठावन्न, मग छप्पन्न, मग चोपन्न.
घासाघीस करावी तशी उतरत गेले,
समोरचा 'हो' म्हणेना.

मॅग्नेशियम गोठून वितळलं की
वरचं पाणी अळणी, खारट सगळं तळाशी,
हे कडाळेमामांनी सांगितलं; ते बारावी नापास,
एकोणतीस वर्षं इथल्या बाटल्या हलवतायत.
हलवली.
कोरी.

मग पानांकडे वळले.
पिंपळगावच्या बागेतली, तळहाताएवढी, जून.
कुटताना हिरवी होती,
नळीत उतरली ती चहाच्या रंगाची.
द्राक्षवेल आपली ओळख सहजी देत नाही,
सोबत तुरटपणा बांधून देते,
आणि त्यानं एन्झाइमचं तोंड मिटतं.

आणि मी आठवडाभर डीएनए वाढवत होते!
दोन मायक्रोलिटर, तीन, पाच,
ऐकू न येणाऱ्याशी
ओरडून बोलावं तशी.
मोगल मॅडम दारातूनच म्हणाल्या,
"आमटी खारट झाली तर काय करतेस?
दहापट पाणी घाल."

नवी बाटली फोडली, पाणी घातलं.
चौऱ्याण्णव, छप्पन्न, बहात्तर. पस्तीस फेऱ्या.
मध्ये सातपूरची लाइट गेली,
यूपीएस किंचाळला, पण टिकला.

अतिनील दिव्याखाली नऊच्या नऊ खाचा पेटल्या.
मी मामांना हाक मारली
आणि मगच दहावीकडे पाहिलं,
जिच्यात नुसतं पाणी होतं.

तिथंही पट्टा.
फिकट,
पण त्याच पायरीवर.

पाण्यात वेल कुठून आली?
माझ्याच पिपेटमधून, बाहीवरून,
मागच्या महिन्यात जमलेल्या कामाचा
एखादा थेंब अजून इथंच फिरतोय.
आता त्या नऊंवरही विश्वास ठेवता येत नाही.
मामांनी काही न बोलता ब्लीचची बाटली पुढे सरकवली.

बाटली ओतून दिली. बाक पुसला. नव्या नळ्या लावल्या.
रात्री निफाडचा पारा चारवर जाणार म्हणे,
बागांमध्ये शेकोट्या पेटल्या असतील.
यंत्रही शेवटी तिथंच थांबतं,
पडद्यावर लिहून:
चार अंश, अनंत.
म्हणजे सकाळी साडेआठपर्यंत,
मी स्कूटर लावून, हात चोळत
झाकण उघडेपर्यंत.