धाव

निलोफर बागवान माझ्या शेडात आली
ती दारातनं वाकूनच.
सहा फूट एक इंच पोरगी,
लीगमध्ये बास्केटबॉल खेळते, पगारी.
आमच्या पेठेत चेंडू पायानं मारायचा असतो;
हातानं खेळतात तो कसला खेळ,
माझा थोरला अजून म्हणतो.

म्हणाली, महादबामामा, रिंग पाहिजे.
अठरा इंच, आतनं आत.
बावड्याच्या कारखान्यामागं
ऊसतोडीच्या खोपींपाशी लावायची आहे.
पैशाचं काय, म्हटलं.
तिनं बापाच्या गाड्यावरची सफरचंदाची पेटी
बाकड्यावर ठेवली.

कोपऱ्यात बैलगाडीचं चाक पडलं होतं,
तुंबा फुटलेला, आरे चुलीत गेलेले,
राहिली होती नुसती धाव.
तापवली, कापली, वाकवली, जोडली.
जन्मभर रस्त्याला घासलेलं लोखंड
दहा फुटांवर जाऊन बसलं.
जाळी कासऱ्याची विणली, ती पोरांनीच.

वाढ्यांच्या पेंढ्या ओळीनं मांडायच्या,
त्यांच्यामधनं चेंडू आपटत पळायचं.
निलोफर सामना हरून आली तरी
गुरुवारी हजर,
रात्रीच्या गाडीची झोप डोळ्यात तशीच.
सोजर आंधळे, नऊ वर्षांची,
पाळण्यातल्या भावाला एका पायानं झोका देत
दुसऱ्या पायावर उभी राहून नेम धरायची.
ते काही कुठल्या पुस्तकात नसणार.

मुकादम माणसं कोयत्यावर मोजतो:
नवरा-बायको मिळून एक कोयता,
एकटं असेल तर अर्धा.
पोरं हिशेबात धरत नाहीत.
लीगचा फॉर्म आला, समाजसेवेच्या बक्षिसाचा,
त्यात रकाना: लाभार्थी किती?
माझ्या स्टुलावर बसून तिनं एकतीस लिहिलं,
खोडलं. सत्तावीस केलं.
एक टोळी उचल बुडवून रातोरात पळाली होती,
तिच्याबरोबर चार पोरं
आणि आमचा एक चेंडू.
पेन तसंच धरून बसली बराच वेळ.
मग म्हणाली, चेंडू नेला ते बरं केलं.
आणि परत एकतीस लिहिलं.

बक्षीस मिळालं जूनमध्ये.
पुण्याला मोठ्या हॉटेलात कार्यक्रम,
पोरांना घेऊन या, फोटो काढू, असा निरोप.
पोरं कुठली आणायची?
मार्चात पट्टा पडला तशा गाड्या गेल्या
शिरूरकडं, पाटोद्याकडं, आणखी कुठं कुठं.
फोटोत ती एकटी आहे,
पण मधोमध नाही.
एका कडेला, शेजारी बरीच जागा सोडून.

काचेचं ते बक्षीस माझ्याकडं ठेवून गेली,
सीझन लागला की पोरांना दाखवू म्हणून.
ऐरणीशेजारी काच!
पाच महिने हातोडा जपून मारला मी.
काजळी बसायची, सदऱ्याच्या बाहीनं पुसायचो.

दिवाळी झाली, गाड्या आल्या.
निम्मी पोरं नवी.
सोजर आली, वीतभर वाढलेली,
आई गावाकडं आजारी,
म्हणून बापाबरोबर उभी, हातात कोयता.
मुकादमाच्या वहीत आता ती आहे.
अर्ध्याची पुरा करणारी.

निलोफरनं काच तिच्या हातात दिली.
सोजरनं ती वर-खाली तोलली,
मोळीपेक्षा हलकी आहे, म्हणाली,
आणि भावाकडं दिली.
त्यानं तिच्यातनं सूर्य बघितला, मग कारखान्याची चिमणी,
मग आमची तोंडं, एकेकाचं.
निलोफर काही बोलली नाही.
बुटाची नाडी सुटली नव्हती तरी बांधत बसली.

मी खांबाचा निसटलेला पट्टा जोडून घेत होतो,
तोंडावर काळी काच, पाठ पोरांकडं.
ट्रॅक्टरनं हॉर्न दिला.
कोयता मातीत रोवल्याचा आवाज आला,
मग चेंडूचा, दोनदा.
माझ्या हातचं लोखंड आहे ते.
चेंडू कडेला लागला तर वाजतं,
लांबनं कुणालाही कळेल इतकं.

वाजलं नाही.