दालन दोन, एप्रिल ते मार्च

आमचं वर्ष गुढीला लागत नाही,
एक एप्रिलला लागतं.
नवी आवक-जावक वही, शिक्क्याला नवी शाई,
आणि औंदा दालन दोनच्या भिंतीवर
चित्र काढून नेलेला चौकोन.

‘मन्याडकाठ’ मुंबईला गेलं, साफ व्हायला.
घोडजकर साहेबांनी तीन ठिकाणी सह्या केल्या.
जीप कंधारबाहेर पडली तरी
हसीनाबी फाटकात उभ्याच,
झाडू हातात तसाच.

बावीस वर्षं मी सांगत आलो,
हे बघा, संध्याकाळ आहे.
बैलं पाणी पिऊन परतायलीत.
चित्रकार अज्ञात.
हात लावू नका.

मे महिन्यात वहीत अकरा नावं.
त्यातली चार पाणी प्यायला आलेली.
अंगणातल्या वीरगळांवर हात ठेववत नाही,
लाईट गेली की मी दालन दोनमध्ये बसतो,
तिथली फरशी गार.
समोर चौकोन, जुन्या चुन्याचा,
बाकीची भिंत चहाच्या रंगाची.
ती अशी कधीपासून झाली
याचा मी फार विचार केला नाही.

आषाढात दालन एक गळलं.
निविदा निघाली. रद्द झाली. पुन्हा निघाली.
बादली मात्र त्याच दिवशी मंजूर.

सतरा सप्टेंबर. झेंडा, भाषण, बुंदी.
मुक्तिसंग्रामाच्या घोषणा देऊन घसा बसलेली पोरं
सावली म्हणून आत शिरली.
एक पोरगी चौकोनापुढं थांबली.
‘सर, हे कशाचं चित्र हाय?’
मी म्हणालो, ते गेलंय.
‘मग खिळा कशाला ठिवला?’

डिसेंबरात सहली.
मुखेडच्या चार बसा, तीनशे बारा लेकरं, चाळीस मिनिटं.
अभिप्राय: छान. छान. लय भारी.
मूर्तीला डोकं पाहिजे होतं.
संडासाला कडी नाही.

वेळा अमावस्येला अख्खं गाव शेतात.
आमच्या सुट्ट्यांच्या यादीत ती नाही,
म्हणून आम्ही दोघंच, आणि दगडातले देव.
गुट्ट्यांच्या पोरानं केटली आणून ठेवली,
आंबील, वर भज्जीचा डबा.
व्हरांड्यात बसून जेवलो.
हसीनाबी बोट चाटत म्हणाल्या,
‘त्या चित्रात आधी ऊन होतं, सर.
अम्मीसंगं झाडायला यायची मी, तेव्हा.’
मी हसलो.
तुम्ही किती वर्षांच्या होतात तेव्हा?
‘सात. पण ऊन कळतं की.’

जानेवारी, फेब्रुवारी: माहिती अधिकाराचे दोन अर्ज,
एक घुबड माळ्यावर.

सत्तावीस मार्चला पैसे आले.
एकतीसच्या आत संपवा.
सहा कचरापेट्या घेतल्या, काचेची एक पेटी,
पेटीत ठेवायला अजून काही नाही.
उरलेल्यातून भिंती रंगवल्या.
चौकोन बुजला,
आणि तिसाला चित्र परत आलं.

फोम सोडला.
साहेब गप्प. मी गप्प.

लख्ख दुपार.
पाणी पांढरं पडलेलं,
बैलं परतत नव्हती, आत्ताशी उतरत होती काठाला.
त्यांच्या पोटाखाली आखूड सावल्या.
आणि उजव्या कोपऱ्यात, जिथं मी
‘इथून अंधार सुरू होतो’ म्हणून काठी टेकवायचो,
तिथं एक पोरगं,
कपाळावर आडवा हात धरून
डोळे बारीक करून
आमच्याकडं बघतंय.

हसीनाबी आल्या, बघितलं,
‘हां’ म्हणाल्या, आणि फोमचे तुकडे गोळा करायला लागल्या.

साहेबांनी पाटी बदलली. मन्याडकाठ, दुपार.
किती लोकांना मी संध्याकाळ देऊन घरी पाठवलं,
वह्या काढून मोजायला बसलो.
दोन हजार नऊपर्यंत मोजलं,
पुढच्या वह्यांना वाळवी.

मुंबईचा अहवाल दीड पानाचा.
पृष्ठभागावर काजळी, बहुधा रॉकेलची.
नोंदवहीत ‘शेरा’ म्हणून एक रकाना असतो.
त्यात मी लिहिलं:
चित्रात ऊन असल्याचे हसीनाबी यांना पूर्वीपासून ज्ञात.

दालन दोनमध्ये चौदा वर्षं
चहाचा स्टोव्ह कुणाचा होता,
ते लिहिलं नाही.