बाणातला ण

धायरीच्या गोदामात धरण उभं केलंय,
थर्मोकोलचं, मागे निळा पडदा.
जर्मन इंजिनिअरच्या भूमिकेत ओजस मिराशी,
राहणार सदाशिव पेठ,
डोक्यावर सोनेरी विग,
गळ्यात पंचा, घाम टिपायला.

मला बोलावलं ते उच्चारांसाठी.
वीस वर्षं जर्मन शिकवते मी
फर्ग्युसन रस्त्यावर, म्हणून.

पहिल्या दिवशी त्यानं केलं ते सगळेच करतात:
तोंडात गरम बटाटा, आणि प्रत्येक त चा ट.
"टुमी लोक काम नाय करटा."
म्हटलं, हा कंपनीचा साहेब झाला रे,
जर्मन माणूस शब्दाच्या शेवटी थकतो.
गोड म्हणायला जातो, गोट म्हणतो.
वेगाचा वेक. बागेचा बाक.
आणि र घशातून, गुळणी करतोस तसा.
हे त्याला आठवड्यात जमलं. हुशार पोरगं.

अडलं ते ण पाशी.
"पाणी," तो म्हणायचा,
जीभ टाळूला लागून सुटायची सराईत,
चार पिढ्यांची सवय.
"पाणी नाही. पानी."
"पाणी."
"जीभ दातांमागे ठेव. पानी. आनि. लोनी. धरन."
दिग्दर्शक घड्याळ बघत होता.
"मॅडम, तुम्हाला किती सहज येतं हो!"

हो. येतं.

ब्याण्णव साल, कर्वे रस्त्यावरचं वसतिगृह.
मेसमध्ये मी पानी मागितलं
आणि अख्खं टेबल जेवता जेवता थांबलं.
कुणी वाईट बोललं नाही.
पुण्यात वाईट बोलत नाहीत, दुरुस्त करतात.
"बाणातला गं, नळातला नव्हे,"
मृदुला आगाशे म्हणाली, आणि तांब्या सरकवला.
मग रात्री गच्चीवर, टाकीच्या मागे,
बाण, बाण, बाण,
जीभ सोलवटेपर्यंत.
दिवाळीला जिंतूरला गेले तर माय म्हणाली,
"अशी कामून बोलायलीस? दात दुखायलेत का?"

जर्मनचे स्वर नंतर सोपेच गेले.

तर शिकवली त्याला माझी जुनी चूक,
तासाला बाराशे, टीडीएस कापून.
शेवटी म्हणाला, मॅडम, सगळे संवाद
तुमच्याच आवाजात फोनवर द्या, मी ऐकत झोपतो.
दिले. स्वयंपाकघरात बसून, पंखा बंद करून,
घरात दुसरं कुणी नसताना.

मालिका लागली.
नारायण पेठेतल्या निवृत्त प्राध्यापकांनी
वर्तमानपत्राला पत्र धाडलं:
परकीयाचे मराठी इतके अस्सल
आजवर ऐकण्यात नाही.
तारखांच्या चुका मात्र तीन.
ओजसनं कात्रणाचा फोटो पाठवला, खाली जोडलेले हात.

साडेआठला, जाहिराती चालू असताना, मायचा फोन.
"त्यो भुऱ्या केसाचा साहेब हाय ना गं,
कोनत्या गावचा?"
"जर्मनीचा, माय."
"छट्. आपल्याकडचाच हाय कुनीतरी.
पानी कसं म्हनला बघ.
आन् बोलनं संपवताना
तुझ्या बापावानी हेल काढतंय."

मी काही बोलले नाही.
जाहिराती संपल्या, तिच्या खोलीत
माझ्याहून अर्धा सेकंद आधी.
साहेब थर्मोकोलच्या भिंतीवर चढला,
खालच्या लोकांकडे हात करून म्हणाला,
"पानी येनार."

"येऊ दे रे बाबा," माय त्याला म्हणाली,
"आठ दिस झाले, नळाला न्हाई."