सात मिलिसेकंद

साकीनाका, रात्रीचे पावणेतीन.
टेबलावर सलाईनचा पंप, नळीत नुसतं पाणी,
आणि कर्नलमध्ये कुठेतरी
एक फुटकळ काम कुलूप लावून झोपलंय,
किल्ली उशाखाली.
सगळ्यात तातडीचं दाराशी ताटकळत,
मधली खुशाल उंडारतायत.

बघावं म्हणून छपाईची एक ओळ घातली
की बग शहाण्यासारखा वागतो.
काढली, की पुन्हा सात मिलिसेकंद.
इथे उशिरा आलेलं बरोबर उत्तर
चूकच धरतात.

जुन्या फाईलीत वर्टीसरांची टीप:
‘इथे जरा थांबा. कारण उद्या लिहितो.’
तारीख मार्चची.
एप्रिलात सर गेले.

दाराबाहेरच्याचा दर्जा
मी आतल्याला उसना दिला, कुलूप सुटेपर्यंत.
थेंब वेळेवर पडू लागले.

टीप खोडली नाही.
खाली कारण लिहिलं,
बरोबर,
अकरा वर्षं उशिरा.