तिरपी ओळ

कुनुगीची पानं तिसरा हिस्सा पिवळी झाली
की झाड पाडायचं, हे सेन्किचीनेच मला शिकवलं.
पाडलं की पानांसकट पडू द्यायचं उतारावर.
पानं खोडातलं पाणी ओढून घेतात,
शेवटचं काम म्हणून.

मग कमरेइतके ओंडके. फेब्रुवारीत भोकं,
भोकात बुरशी पाजलेल्या लाकडी खुंट्या,
आणि दोन उन्हाळे विसरून जायचं.
विसरणं हेही त्यातलंच एक काम, असं तो म्हणायचा.
मला ते कधी जमलं नाही.

त्याची भोकं दोरी धरल्यासारखी:
वीतभर सोडून एक, पुढची ओळ अर्ध्या वितीने सरकवून.
नवख्यांना दाखवायला सोसायटीची माणसं
आमचे ओंडके टेम्पोत घालून न्यायची.

परवा रात्री वीज कडाडली.
ओइताच्या डोंगरात म्हणतात,
विजेच्या आवाजाने शिताके दचकून उठतात.
सकाळी करंडी घेऊन देवदारांच्या सावलीत गेले,
तर उठले होते खरेच,
साल फोडून, मुठीएवढे, गच्च,
टोपीवर पांढऱ्या भेगांची नक्षी.

पण एक इकडे, एक तिकडे,
दोन अगदी एकमेकांच्या खांद्यावर,
मग हातभर नुसती साल.
शेजारच्या ओंडक्यावर तेच.
त्याच्या शेजारच्याही.

टोकाला रंगाने घातलेलं साल वाचलं.
त्या हिवाळ्यात मी फुकुओकाला,
चिहोच्या बाळंतपणाला.
"जमतंय का एकट्याने?" फोनवर विचारायचे.
"न जमायला काय झालं?"

डॉक्टर काचबिंदू म्हणाले ते गेल्या जूनमध्ये.
"कधीपासून कमी दिसतंय?"
"आठवडा झाला असेल," हा म्हणाला होता,
माझ्यासमोर, टोपी मांडीवर ठेवून.

आठवडा!
लाकडाने दोन वर्षं पोटात ठेवलं,
आणि आता एकेक करून सगळं बोलून टाकलं.

त्यातल्या त्यात वाकडा ओंडका
धापा टाकत घरी आणला,
ओसरीवर त्याच्या गुडघ्याला टेकवून ठेवला.
तो बोटं फिरवत गेला.
जिथे दोघं चिकटून आले होते तिथे थांबला.
बराच वेळ.

"इथे जागा कमी पडली," म्हणाला.
"खुंट्या स्वस्त होत्या त्या वर्षी," मी म्हटलं.

तो हसला की नुसता खाकरला, कळलं नाही.
मग देठ मुळाशी धरून
जराही साल न उचकटता
पिळून काढला एक,
आणि माझ्या दिशेला धरला.
मी जरा डावीकडे होते.
सरकले.