ओहोटीचं मैदान

सूर गावात मैदान दिवसातून दोनदाच असतं.
समुद्र मागे सरकतो,
पोरं टाचेनं रेघ ओढतात, गोलाला चार चपला,
आणि पाणी घोट्याला लागलं की सामना संपला.
शिट्टी चंद्राकडे असते, खल्फान म्हणायचा.

मी लाँड्रीवाला. क्लबच्या भिंतीला लागून दुकान.
कोल्हापुरात तालमीच्या संघाचे मोजे धुतलेत,
चिखल बघून सांगायचो, कोण पडला, कोण नुसता लोळला.
इथं चिखल नाही. मीठ.
अकरा नंबरची जर्सी वाळली
की पाठीवर पांढरा नकाशा उमटायचा,
रोज वेगळ्या देशाचा.

सोहारच्या सामन्यात त्याचा गुडघा गेला.
आवाज बारीक होता,
मशीनमध्ये बटण तुटावं तसा.

मग बाकावरचे शर्ट यायला लागले,
कडक कॉलरचे, न घामेजलेले.
खिशात विसरलेले कागद: फुल्या, गोल, बाण.
मी ते इस्त्री करून परत द्यायचो.
एकदा डावीकडचा एक बाण
पेन्सिलीनं जरा आत वळवला.
त्यानं काही विचारलं नाही.
मीही अजून सांगितलेलं नाही.

लांबच्या एका बेटाच्या देशानं त्याला बोलावलं.
आईच्या तोंडची स्वाहिली तिथं कामी आली.
पहिले सात सामने हरला.
रात्री फोन यायचा, खेळाबद्दल चकार शब्द नाही.
गवताचा डाग कसा काढू? रक्ताचा?
गार पाणी, मी म्हणायचो, गार.
गरम पाण्यात डाग घर करतो.

आणि मग मस्कत. त्याचा तो देश, समोर हा.
पहिल्या राष्ट्रगीताला हात छातीवर.
दुसऱ्याला हात खिशात,
पण जबडा हलत होता.
कॅमेरा लगेच दुसरीकडे वळला, मी नाही.
गोल डावीकडून आला, जरा आत वळून.
एक-शून्य.
दुकानात आम्ही सहा जण होतो,
पाच जणांनी मान खाली घातली.
मी इस्त्रीत निखारे नसताना
उगाच फुंकर मारत बसलो.

दुसऱ्या दिवशी हलव्याच्या दुकानातून
त्याचा फोटो उतरला.
खिळा राहिला.
आता त्यावर भरती-ओहोटीचं कॅलेंडर असतं.

तीन वर्षांनी त्या देशानंही निरोप दिला,
चार ओळींचा.
तो आला, एक बॅग, दोन जाकिटं.
दोन्ही माझ्याकडे टाकली. पैसे घेतले मी. का घेऊ नयेत?

काल ओहोटीला तो वाळूत रेघ ओढत होता,
चांगल्या पायाच्या टाचेनं.
कुणाचं तरी पोरगं ओरडलं, काका, वाकडी आलीय.
त्यानं पुसली, परत ओढली, परत वाकडी.
मी गाठोडं घेऊन चाललो होतो.
म्हणाला, सव्वीस वर्षं झाली की तुला,
घरी कधी जाणार?

म्हटलं,
पाणी घोट्याला लागू दे.